गनीचाचांनी आणलेली बाटली

मधू,

पंधरवडा झाला तुला जाऊन आणि माझा राग काही उतरत नाही. पिंप्राळ्याच्या तुझ्या घरात भेटायला येणारा प्रत्येक माणूस सुमनवहिनींसमोर बसतो आणि तेच बोलतो, "दारू सोडली तर माणूस लाखात एक होता." मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून ऐकतो. वाटतं, उठून एकेकाला विचारावं, सोडली तर म्हणजे काय? दारू सोडून मधू पेंटर कुणी कधी पाहिला होता? बावीस वर्षं तुझी शिडी धरली मी. मी तरी नाही पाहिला.

लोकांना चांगलं बोलायचं आहे, बोलू देत. मला आधी भडगावचं बोलायचं आहे. आपण दोघं त्यावर कधी नीट बोललोच नाही. ओरडलो, रुसलो, चार-चार महिने तोंड फिरवलं, पण बोललो नाही.

अखाजी, आपली अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती आणि त्याच दोन दिवसांत रोजेही सुरू झाले होते. अखाजीला तू पत्त्यांच्या डावावर बसलास तो तीन दिवस उठला नव्हतास. त्यातच गनीचाचांची चिठ्ठी आली. चाचा म्हणजे आपले उस्ताद. जळगावात त्यांचं दुकान होतं तेव्हा ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं आपल्याला, नंतर डोळे अधू झाले तसे ते भडगावला आपल्या घरी परतले. चिठ्ठीत लिहिलं होतं, खत-बियाण्याचं एक मोठं दुकान निघतंय, वीस हात लांब भिंत आहे, मराठी आणि उर्दू दोन्हींत नाव लिहायचंय, माझ्याच्यानं होत नाही, तुम्ही दोघं या.

निघताना वहिनी अंगणापर्यंत आल्या. तू चपला घालत होतास. त्या मला हळूच म्हणाल्या, "अशोकभाऊ, रमजानचे दिवस आहेत. चाचांच्या घरात तरी यांना पिऊ देऊ नका. हात जोडते."

मी म्हणालो, "काळजी करू नका वहिनी, माझ्यावर सोडा."

माझ्यावर सोडा! काय अधिकार होता मला असं म्हणण्याचा?

पाचोऱ्यापर्यंत पॅसेंजरनं गेलो. गाडीत सकाळी सकाळीच तू दोनदा घोट घेतलास, टर्पेंटाईनच्या डब्याशेजारी ठेवलेल्या बाटलीतून. पाचोऱ्याच्या स्टँडवर भडगावची बस लागायची होती. तू भजी घ्यायला गेलास. मी पिशवी उघडली, बाटली स्टँडच्या मागं नेऊन ओतून टाकली, नळाचं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि होती तशी ठेवून दिली. तू भज्यांचा पुडा घेऊन आलास आणि त्यातली मिरचीची भजी वेचून मला दिलीस, कारण मला ती आवडतात. मी ती खाल्ली. मला तेव्हा फार शहाणं वाटत होतं स्वतःला.

त्या संध्याकाळी चाचांच्या अंगणात रोजा सोडायला बसलो तेव्हा तू अगदी ठीक होतास. चाचीनं खजूर पुढं केला, कलिंगडाच्या फोडी केल्या होत्या, तू तिला हसवत होतास. चाचा मला म्हणाले, "मधू सुधर गया लगता." मी मान डोलावली. बाटलीला तू त्या दिवशी हात लावला नाहीस, चाचांच्या घरात लावायचा नाही असं बहुतेक तूही ठरवलं असशील. बाटलीत पाणी भरल्याची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. तूही सांगितली नाहीस. आज लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच भिंत तापायला लागली. सुतळीला निळा रंग चोळून आपण रेघा मारल्या. चाचा समोरच्या लिंबाखाली बसले होते, अंगात पांढरा सदरा, घशात पाण्याचा थेंब नाही. तू शिडीवर चढलास, पहिल्या अक्षराची शिरोरेघ ओढायला घेतलीस आणि ब्रश डगमगला. पुसलीस. पुन्हा ओढलीस. पुन्हा तेच. हात टेकवायची काठी घेतलीस तर ती काठीच भिंतीवर टकटक वाजायला लागली.

चाचांना लांबचं दिसत नव्हतं, पण तो आवाज त्यांना कळला. "उतर नीचे," ते म्हणाले.

तू उतरलास आणि पिशवीकडं गेलास. भिंतीच्या आडोशाला जाऊन बूच काढलंस, तोंडाला लावलंस. मग माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं होतं तू अंगावर येशील. तू बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलंस, रिकामी बाटली पुन्हा पिशवीत ठेवलीस आणि गावात निघून गेलास. त्या बघण्यावर मी आजही चिडतो, मधू. चार शिव्या दिल्या असत्यास तर हिशेब तिथंच मिटला असता.

गावात देशीचं सरकारमान्य दुकान एकच होतं. त्याला कुलूप, वर पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं, मुलीच्या लग्नामुळं चार दिवस बंद. तू स्टँडवर विचारलंस, हॉटेलात विचारलंस, टांगेवाल्यांना विचारलंस. वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सगळीकडून नकार घेऊन तू परत चाचांच्या गल्लीत आलास आणि तिथं, मशिदीच्या पायरीवर सावलीला टेकलेल्या रोजेदार माणसांना विचारलंस, "भाऊ, इथं आसपास कुठं मिळेल का?"

एक तरुण माणूस उठून उभा राहिला. "क्या मिलेगा? किधर खड़ा है मालूम है तेरेको?" त्यानं तुझी कॉलर धरली. चाचा तोवर काठी टेकत तिथं पोचले होते. त्यांनी त्याचा हात सोडवला. "मेरा आदमी है. तबीयत ठीक नहीं उसकी. माफ़ करो." आणि तुला दंडाला धरून घरी आणलं.

घरात आल्यावर सगळं सुरू झालं. तुला दरदरून घाम फुटला, ओकाऱ्या झाल्या. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून तू हातानं भिंत झाडायला लागलास. तिथं एकही मुंगी नव्हती. चाची दाराशी उभी राहून रडत होती. मी दवाखान्यात पळालो. डॉक्टर व्हिजिटला गेलेले, कंपाउंडर आला. वयस्कर माणूस होता, त्यानं तुझे डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"रोज पिणारा आहे ना? एकदम तुटली की असं होतं," तो म्हणाला. "झटके येतील. जळगावला सिव्हिलला न्या."

"आता बस नाही. संध्याकाळी आहे."

"मग तोवर थोडी द्या. औषध समजून द्या. नाहीतर माणूस हातचा जायचा."

तू जमिनीवर पडून माझा पाय धरलास. "अशोक, माले थोडी आणी दे रे. मना जीव चालना."

आणि मी काय म्हणालो ते तुला आठवत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. मी म्हणालो, "मेलास तरी चालेल. मी आणणार नाही."

चाचांच्या देखत म्हणालो. वहिनींना दिलेला शब्द, रमजान, चाचांचं घर, सगळं माझ्या बाजूनं होतं. मला माझ्या शब्दाची इतकी धुंदी चढली होती की समोर माणूस तडफडतोय हे दिसत असून मी हाताची घडी घालून उभा होतो.

चाचांनी खुंटीवरची पिशवी काढली, छत्री घेतली. चाची म्हणाली, "अजी, किधर? धूप देखो. रोज़ा है तुमको."

"मैं जाके आता," ते म्हणाले.

नदीपलीकडच्या वस्तीत हातभट्टी लागायची हे अख्ख्या भडगावला माहीत होतं. गिरणेला पाणी नव्हतं, नुसती वाळू. त्या वाळूतून, भर दुपारी, साठी उलटलेला, अर्ध्या नजरेचा रोजेदार माणूस तुझ्यासाठी दारू आणायला गेला. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेलो आणि थांबलो. त्यांना म्हणालो असतो, "चाचा, तुम्ही बसा, मी जातो," तर काय झालं असतं? दोन मैलांचं चालणं होतं. मी तिशीतला माणूस. मी दारात उभा राहिलो, मधू.

दोन तासांनी ते आले. ओठांवर पांढरी साय धरलेली, पायाला फोड. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. कपात ओतली. आणि तुझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन, तुझे दात कपावर वाजत होते म्हणून दुसऱ्या हातानं तुझी हनुवटी धरून, घोट घोट पाजली. त्यांनी ना तोंड फिरवलं ना नाकाला फडकं लावलं. "आहिस्ता, बेटा. आहिस्ता." अर्ध्या तासात तू शांत झोपलास. मग ते उठले, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले, कपडे बदलले आणि नमाजाला गेले.

त्यांना येताना लोकांनी पाहिलं होतं. वस्तीकडून येणारा माणूस पिशवीत काय आणतो हे सांगावं लागत नाही, आणि फडक्याला वास होता. त्या संध्याकाळी मशिदीत रोजा सोडायला बसले असताना हाजीसाहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. हाजीसाहेब मशिदीचं बघायचे, चांगला माणूस, चाचांचा जुना स्नेही. त्यांनी विचारलं, "गनीभाई, लोग बोलते वो सच है क्या? रोज़े में लाये तुम?"

चाचा म्हणाले, "लाया."

"किसके वास्ते?"

"मेरे काम से लाया."

बस, एवढंच बोलले. पायरीवर तू विचारलेलं लोकांनी ऐकलं होतं, पण चाचांनी स्वतःच्या तोंडानं ते आपल्यावर घेतल्यावर दुसऱ्या कुणावर बोट ठेवायला जागाच उरली नाही. पाहुण्याचं नाव घेतलं असतं तर तुला त्याच रात्री गावाबाहेर काढलं असतं आणि चाचांना सगळ्यांनी माफ केलं असतं. त्यांनी नाव घेतलं नाही. त्यांच्या शेजारी बसलेली दोन माणसं ताटली उचलून पलीकडं जाऊन बसली. हे मला चाचांनी सांगितलं नाही, चाचीनं सांगितलं, पुढं कितीतरी महिन्यांनी.

आणि दुसऱ्या दिवशी तू काय केलंस? सकाळी चाचांनी राहिलेली बाटली तुझ्या उशाशी ठेवली होती. तू त्यातली मोजून घेतलीस आणि भिंत रंगवलीस. अशी अक्षरं मी जन्मात पाहिली नाहीत. 'भ'ची गाठ, 'क्ष'चं पोट, उर्दूचा तो लांब ओढलेला शेवटचा फटकारा, जो चाचांनाही उतारवयात जमत नव्हता. बाजाराला आलेली माणसं सायकली थांबवून बघत होती. चाचांना नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी वाळलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "माशाल्ला." मला त्या भिंतीचा संताप येतो. ती वाईट झाली असती तर तुझा राग करणं किती सोपं गेलं असतं.

दरवर्षी ईदगाहच्या कमानीवरची अक्षरं चाचा लिहायचे, वयाच्या विसाव्या वर्षापासून. त्या ईदला पाचोऱ्याहून दुसरा पेंटर बोलावला. मी भेटायला गेलो तेव्हा चाचा म्हणाले, "आँख भी तो गई है मेरी. ठीक ही किया उन्होंने." ब्रश त्यांनी तेलात बुडवून नीट ठेवलेले होते. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. कमान पुन्हा त्यांच्या हाताला लागली नाही.

मयतीला आपण दोघं गेलो होतो. मूठभर माती घालून आलो. परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "मधू, एकदा हाजीसाहेबांना जाऊन सांगू. दारू कुणासाठी होती ते."

तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तूच सांग. बाटली तूच ओती टाकी ना?"

"आणि पीत कोण होतं?"

"मी पीत होतो. लपून नव्हतो पीत. तू माझ्या पिशवीत पाणी भरलंस. मला विचारलं असतंस तर मी चार दिवसांचं बेतानं आणलं होतं. कुणाला वासही आला नसता. चाचांना नदी ओलांडावी लागली नसती."

"म्हणजे चूक माझी?"

"माले काय सांगस," तू म्हणालास आणि तोंड फिरवलंस.

मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि दुसऱ्या गाडीनं आलो. चार महिने बोललो नाही आपण. मग एक दिवस माझ्या घरी शाळेचा मोठा बोर्ड अर्धवट पडलेला होता, मला ताप होता, मुदत संपत आली होती. तू आलास, अंगणात बसलास आणि बोर्ड पुरा केलास. कोपऱ्यात माझं नाव टाकलंस, 'अशोक पेंटर', माझ्यापेक्षा सुंदर. चहा पिऊन निघून गेलास. असा तू. माणसाला नीट रागावूही द्यायचा नाहीस. परांचीवरून पडून माझा पाय मोडला तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळालास, तेव्हाही तोंडाला वास येत होता आणि तोल जात नव्हता. माझ्या नावावर गेलेल्या निम्म्या पाट्यांवरची अवघड अक्षरं तुझी आहेत. हे सगळं मी मानतो. जन्मभर मानीन. पण त्यानं भडगाव पुसलं जात नाही.

शेवटच्या आठवड्यात तू सिव्हिलमध्ये होतास. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता बोलेल. मी कान जवळ नेला.

"भडगावची भिंत शे का अजून?" तू विचारलंस.

भिंत! तू भिंतीचं विचारलंस. चाचांचं नाही. ज्या माणसानं आपली सगळी इज्जत तुझ्या घशात घोट घोट ओतली त्याचं नाव तुझ्या तोंडात आलं नाही. मी म्हणालो, "आहे. तशीच आहे." खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. तू डोळे मिटलेस आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन इतका रडलो रागानं, की नर्सला वाटलं तू गेलास.

परवा तुझं तेरावं झालं. काल सकाळी उठलो आणि भडगावला गेलो. ठरवूनच गेलो होतो, हाजीसाहेबांना सगळं सांगायचं. आधी चाचीकडं गेलो. ती आता थकली आहे, मुलगी तिच्याजवळ येऊन राहिली आहे, त्याच घरात. तू गेल्याचं सांगितलं तर तिनं मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हारे चाचा बोलते थे, मधू का हाथ अल्ला ने बनाया. बाक़ी का उसने ख़ुद बिगाड़ा." मी तिला म्हणालो, हाजीसाहेबांकडं चाललोय. तिनं माझ्याकडं पाहिलं. "अब? जाओ. बोलो. मैं कब से राह देख रही थी तुम दोनों में से कोई तो बोलेगा."

हाजीसाहेब मशिदीजवळच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ऐकायला कमी येतं आता, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. मोठ्यानं, रस्त्यावर, सगळं सांगितलं. मधूची तब्येत, कंपाउंडर, नदी, वस्ती, कप. ते काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मैंने उनके साथ खाना छोड़ दिया था," ते म्हणाले. "बचपन का साथ था हमारा. वो गये तब तक नहीं खाया."

मग त्यांनी मान वर केली. "गनीभाई नहीं बोले, वो उनका मिज़ाज. वो लड़का नहीं बोला, शरम आई होगी. मगर तुम तो पीते नहीं थे. तुम क्यूँ नहीं बोले इतने साल?"

मधू, मी तयारी करून गेलो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. बाटली मी ओतली, पाणी मी भरलं, तो तडफडत असताना आणायला मी नाही म्हणालो, चाचांना उन्हात मी जाऊ दिलं. हे सगळं सांगायचं होतं. त्यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं. माझ्या सांगण्यात मी कुठंच नव्हतो, नुसता बघणारा होतो.

मी म्हणालो, "मधूनं शपथ घातली होती मला. आज तो नाही, म्हणून आलो."

हाजीसाहेबांनी लगेच मान हलवली. "क़सम थी तो फिर तुम क्या करते," ते म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "अच्छा किया आये. अल्ला उसको माफ़ करे."

तू कधी मला शपथ घातली नव्हतीस. तू तर म्हणाला होतास, तूच सांग.

मी स्टँडवर आलो. पाचोऱ्याची बस लागलेली होती. खिडकीशी बसलो. हाजीसाहेबांचा ओटा तिथून पाच मिनिटांवर होता आणि बस सुटायला पंधरा मिनिटं होती. कंडक्टर खाली चहा पीत होता. मी उठलो, दारापर्यंत गेलो, एक पाय पायरीवर ठेवला. मग परत येऊन बसलो. कंडक्टर आला, त्यानं घंटी दिली, बस निघाली, आणि मी उतरलो नाही, मधू.